पन्नास रुपयांची पावती

बौद्धवाडीत आलेला कुठलाही कागद आधी चंदर गायकवाडकडे वाचायला जायचा. मुंबईहून आलेलं कार्ड असो, सोसायटीची नोटीस असो की शाळेचा दाखला. वाडीत त्याच्याइतकंच शिकलेले आणखी दोघे होते, पण ते भराभर वाचत आणि मधले शब्द गिळत. चंदर प्रत्येक कागद दोनदा वाचायचा. एकदा मनात आणि मग मोठ्यानं, सावकाश, तारखेपासून सहीपर्यंत. ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. स्वतःचा तर त्याचा नियमच होता की वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही. साजगावच्या कारखान्यात नोकरीला लागताना त्यानं भरतीचा छापील अर्ज दोन्ही बाजूंनी वाचून काढला होता. मागं उभे असलेले लोक ओरडायला लागले, तरी तो थांबला नाही.

हे आधी सांगायचं कारण एवढंच की चंदरची जमीन गेली ती न वाचता केलेल्या सहीनं गेली नाही.

गाव पोशीरच्या पुढे, ओढ्याच्या अंगाला. जमीन सव्वा एकर, भाताची. बांधावर एक उंबर होता म्हणून तिला उंबरपट्टी म्हणत. चंदरच्या बापाला, सखाला, ती वतनात होती. म्हणजे सखानं गावाचा सांगावा पोचवायचा, साऱ्याची थैली तालुक्याला न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबद्दल ती सव्वा एकर आणि घरोघरची भाकर. भाकर आणायला चंदरची आई जानकीबाई जायची. ती ओसरीखाली उभी राहून पदर पसरायची आणि वरून भाकर पडायची. पदराला हात लागू नये म्हणून वाढणारी बाई जरा उंचावरनंच सोडायची. कधी पदर चुकायचा.

छप्पन्न सालच्या दिवाळीआधी वाडीनं धर्म बदलला आणि एक ठराव केला. पांडूआबा नावाचा एक जाणता माणूस वाडीत होता. त्यानं तो ठराव चाळीस पानी वहीत उतरवून घेतला. गावाच्या हातचं फुकटाचं काही घेणार नाही, असं त्यात होतं. भाकर नाही, मागून आणलेलं लुगडं नाही, सणाचं वाढणं नाही. ढोर ओढणार नाही. खाली सह्या आणि अंगठे.

गावानं उत्तर पुढच्या पावसाळ्यात दिलं. वाडीत तेव्हा कुणाकडे बैलजोडी नव्हती आणि गावातलं औत भाड्यानं मिळेना. राब भाजून तयार होता, रोपं वर आली होती, आणि नांगर नव्हता. सखानं दोन पावसाळे उंबरपट्टी अर्धेलीनं दिली. जमीन आपली, कसणारा दुसरा, पीक निम्मं निम्मं. घेणारा होता शेजारच्या शेताचा मालक, गावातल्या मोरूशेटचा बाप. तिसऱ्या वर्षी सखानं एक म्हातारी जोडी विकत घेतली आणि पट्टी परत स्वतः नांगरली. पुढे सरकारनं वतनं मोडली. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरली की जमीन वतनदाराच्या नावावर होणार होती. सखानं ती मुदतीत भरली. जमीन त्याच्या नावावर चढली. सहासष्ट साली तो वारला.

अडुसष्टच्या जूनमध्ये उंबरपट्टीत मोरूशेटचे दोन नांगर उतरले. चंदर तेव्हा साजगावला दुसऱ्या पाळीत होता. त्याची बायको येसूबाई आणि जानकीबाई बांधावर उभ्या राहून ओरडल्या. मोरूशेटनं कागद दाखवला. त्यावर सखानं ही जमीन छप्पन्नआधीच तीनशे रुपयांना त्याच्या बापाला विकल्याचं लिहिलं होतं. खाली एक अंगठा होता. तो कुणाचाही असू शकला असता.

चंदरनं दावा लावला. त्याचा वकील वयस्क होता, सरळ होता, आणि कागद बघून हसला.

"वतनाची जमीन विकताच येत नव्हती," तो म्हणाला. "हा कागद खोटा असला तर खोटाच, आणि खरा असला तरी खोटाच. वेळ लागेल. पण हा दावा हरण्यासारखा नाही."

वेळ लागला. चार वर्षांत तारखा पडल्या एकेचाळीस. तारखेच्या दिवशी चंदरचा कारखान्यात खाडा व्हायचा, म्हणजे त्या दिवसाचा पगार जायचा. शिवाय गाडीभाडं, साक्षीदाराचं गाडीभाडं, साक्षीदाराचं जेवण, वकिलाच्या कारकुनाचा चहा, नकलांचे पैसे. यातलं बरंचसं कुठल्या हुकुमनाम्यात येत नाही. कोर्ट ज्याला खर्च म्हणतं तो वेगळा. चंदरला हा फरक तेव्हा माहीत नव्हता, आणि माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं.

बहात्तरच्या अखेरीला चंदरच्या बाजूचा पुरावा संपला. आता मोरूशेटची उलटतपासणी व्हायची होती. तो पिंजऱ्यात उभा राहिला की कागद फाटणार, असं वकील म्हणत होता. तेवढ्यात मोरूशेटनं वकील बदलला आणि पनवेलचा एक तरुण वकील आणला. त्यानं पहिल्याच तारखेला अर्ज दिला की आमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, दुरुस्ती करायची आहे. खरेदीचा मुद्दा राहू द्यावा, पण तो टिकला नाही तर आम्ही या जमिनीचे कूळ आहोत, असं आणखी लिहू द्यावं.

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कसणाऱ्याला जमीन मिळायचा कायदा होता. आणि तो मुद्दा एकदा आला की दिवाणी कोर्टाच्या हातातून प्रश्न निघून तहसीलदाराकडे जायचा.

चंदरच्या वकिलानं जोरात हरकत घेतली. चार वर्षं मी मालक म्हणणारा माणूस आज मी कूळ म्हणतो, हे कसं चालेल? कोर्टाच्या साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि हुकूम दिला. दुरुस्ती करायला परवानगी आहे. मात्र उशीर झाल्याबद्दल प्रतिवादीनं वादीला पुढच्या तारखेच्या आत खर्चापोटी पन्नास रुपये द्यावेत. न दिल्यास अर्ज रद्द समजावा.

व्हरांड्यात वकील चंदरला म्हणाला, "मुंबईला वरच्या कोर्टात या हुकुमावर जाऊ. तिथे ही दुरुस्ती टिकणार नाही, मला खात्री आहे. मी चार दिवस अलिबागला आहे. आलो की कागद तयार करतो. तू बुधवारी ये."

पन्नास रुपयांबद्दल तो काही बोलला नाही. ते आपल्याकडेच भरायला येतील आणि आपण ते परत पाठवू, असं त्यानं गृहीत धरलं होतं. हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं.

चंदरची सुटी रविवारी असायची. त्या रविवारी सकाळी तो अंगणात दाढी करत होता, तेवढ्यात वाडीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. मोरूशेट विहिरीपाशी उभा होता. धुतलेलं धोतर, हातात छत्री, बरोबर कुणी नाही. तो वाडीत याआधी कधी आलेला कुणाला आठवत नव्हतं.

"चंदर हाय का घरी?" त्यानं विचारलं. "चंद्या" अशी हाक मारली नाही.

"हाय. काय काम काडलं, शेट?"

"कोर्टानं पन्नास रुपय द्यायला सांगितलंत. तुझ्या वकिलाकडं गेलतो, तर त्यो अलिबागला. म्हनलं, आपन कशाला कुनाचं ठेवून घ्या?"

चंदरनं चेहऱ्यावरचा साबण पुसला. "आमाला ठरवावं लागंल."

"यात ठरवायचं काय रं?"

"आमच्यात ठराव हाय. गावाच्या हातचं घ्यायचं नाय."

मोरूशेट हसला. "अरं, ही काय भाकर हाय का?"

त्या वाक्यानं सगळी वाडी गोळा झाली. मोरूशेटला विहिरीजवळच्या चिंचेखाली बाज टाकून दिली आणि माणसं विहारात बसली. विहार म्हणजे चार खांबांवर कौलं, एक तसबीर आणि सारवलेली जमीन. पांडूआबानं वही आणली. चंदरनं ठराव मोठ्यानं वाचला, तारखेपासून सह्यांपर्यंत. सोळा वर्षांत तो इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकला नव्हता.

पोरांचं म्हणणं होतं की पैसे त्याच्या तोंडावर फेकायचे. एकजण म्हणाला, "पन्नासच का? पाचशे का नाय लावलं?" दुसरा म्हणाला, "तुजी शेळी त्याच्या भातात गेली तवा त्यानं तुला किती लावलं व्हतं?" हशा पिकला. मग पांडूआबानं विचारलं, "ठरावात फुकटाचं म्हनलंय. हे फुकटाचं हाय का, ते आदी सांगा."

जानकीबाई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "फुकटाचं कसं? त्यो खोटं बोलला. मंग दुसरं खोटं बोलला. सायबाला कळलं आन सायबानं त्याला दंड क्येला. दंड आपल्याला द्यायला सांगितला. त्यो घ्यायचाच."

"खरं हाय म्हातारीचं," पांडूआबा म्हणाला. "येवडी वर्सं दंड आपुन भरला. आता पयल्यांदा हिकडं आलाय."

"पन पदरात नाय घ्यायचा," जानकीबाई म्हणाली. "हातात. त्यानं हाताला हात लावून द्यायचा."

चंदरनं एकदा म्हटलं, "बुदवारी वकिलाला इचारू का?"

"वकिलाला काय इचारायचंय त्यात?" पांडूआबा म्हणाला. "घ्यावं का न घ्यावं, ह्ये आपलं आपुन ठरवायचं. ठराव काय वकिलानं लिवलावता?"

चंदरलाही ते पटलं. हा प्रश्न कायद्याचा आहे असं त्या विहारात कुणालाच वाटलं नाही. तो इज्जतीचा होता, आणि इज्जतीच्या बाजूनं त्यांनी तो सगळीकडून तपासला. मोरूशेटनं आधी चहा प्यावा असं ठरलं. पैसे हातात द्यावेत असं ठरलं. पावती वाडी लिहील असं ठरलं.

मोरूशेटनं पावती लिहूनच आणली होती. एका ओळीची. वादीस खर्चाची रक्कम पोचली. चंदरनं ती वाचून दाखवली आणि पांडूआबानं मान हलवली. "येवड्यावर नाय. उद्या म्हनतील, गयावया करत आला म्हनून दिलं. नीट लिव."

मग चंदरनं फूलस्केपवर नवी पावती लिहिली. आबा सांगत होता, चंदर शुद्ध करून उतरवत होता. "कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे खर्चाचे रुपये पन्नास आम्ही कोणाच्या उपकाराने नव्हे तर आमच्या हक्काने, राजीखुशीने, पंचांसमक्ष हातोहात घेतले. याबाबत आमची काही तक्रार नाही."

शेवटचं वाक्य मोरूशेटच्या सांगण्यावरून आलं. चिंचेखालूनच तो म्हणाला होता, "बाकी तुमाला पायजे त्ये लिवा. फकस्त तक्रार नाय येवडं लिवा, म्हंजे पुन्यांदा मागनं नको." त्यात कुणाला गैर वाटलं नाही. पैसे मिळाल्यावर तक्रार कसली?

येसूबाईनं चहा आणला. मोरूशेटनं बशीत ओतून फुंकर मारून प्यायला आणि कप स्वतः खाली ठेवला. मग उठून त्यानं दहाच्या पाच नोटा चंदरच्या तळहातावर ठेवल्या आणि वरून आपला हात दाबला. जानकीबाई पुढं येऊन बघत होती. नोटा पडल्या नाहीत. चंदरनं पावती पुन्हा एकदा वाचली आणि दोन प्रतींवर सही केली. पांडूआबानं पंच म्हणून केली. एक प्रत मोरूशेटनं चौघडी करून बंडीच्या खिशात घातली.

"इतका सादा व्हता व्हय ह्यो?" तो गेल्यावर एक बाई म्हणाली.

"कोर्टानं क्येला सादा," जानकीबाई म्हणाली.

त्या नोटा खर्चायच्या नाहीत असं त्याच बैठकीत ठरलं. चंदरनं त्या पावतीबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवल्या.

बुधवारी तो खाडा करून वकिलाकडे गेला आणि घडलं ते सांगितलं. सांगताना त्यानं चहाचाही उल्लेख केला. वकील लिहीत होता. त्यानं टाक खाली ठेवला.

"पैसे घेतलेस?"

"घेतले. हातात दिले त्यानं."

"पावती कुणी लिहिली?"

"मीच."

"दाखव."

वकिलानं ती दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. चंदरला वाटलं, अक्षराचं कौतुक करेल.

"चंदर, त्या हुकुमावर आपण मुंबईला जाणार होतो ना? आता जाता येणार नाही. हुकुमाचा लाभ घेतला की त्याच हुकुमाविरुद्ध ओरडता येत नाही. वरचं कोर्ट पहिलाच प्रश्न विचारेल, खर्च घेतला का? आणि तू तर लिहून दिलंस. हक्कानं, राजीखुशीनं, तक्रार नाही."

"पन मी हुकूम कुटं मान्य क्येला? मी पैशे घेतलं."

"तेच."

"त्यो दंड नव्हता?"

"नाही. त्याला नवी गोष्ट मांडू दिली. तुला त्रास होणार, म्हणून त्याची तुला दिलेली भरपाई. ती तू घेतलीस म्हणजे सौदा पटला."

चंदरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे वतन इकता येत नव्हतं, आन मी पन्नासला इकलं?"

वकिलानं पावतीची घडी घातली. "मी सांगून जायला हवं होतं," एवढं म्हणाला.

दोघांनी सुचेल ते करून पाहिलं. चंदरनं पन्नास रुपयांची मनिऑर्डर मोरूशेटला केली. ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आली. पोस्टाचं कमिशन गेलं ते गेलंच. मनिऑर्डर त्यानं घरातल्या पैशांतून केली होती. पेटीतल्या नोटांना त्यानं हात लावला नव्हता. मग वकिलानं कोर्टात अर्ज दिला की वादीनं खर्च गैरसमजुतीनं घेतला आहे, तो परत जमा करू द्यावा आणि वादीचा हरकतीचा हक्क राखून ठेवावा.

त्या अर्जाच्या तारखेला पांडूआबा आणि वाडीतले सातआठजण कोर्टात आले होते. बाहेर चहाच्या टपरीवर मुरबाडकडचा एक म्हातारा पक्षकार बसला होता. वीस वर्षं खेटे घालून त्याला कोर्टाची भाषा वकिलांइतकी यायला लागली होती. त्यानं चंदरची हकीकत ऐकली आणि सहज सल्ला दिला. "सांग, मी वाचलंच नव्हतं. शेटनं पुढं क्येलं, मी सही मारली. अडाणी मानूस, सायब. कोर्ट अडान्याला सांबाळून घेतं. अक्षर इचारलं तर म्हन, त्यो सांगत गेला, मी लिवत गेलो."

चंदरनं चहा संपवला आणि कप टपरीवर ठेवला.

आत पनवेलच्या वकिलानं पावती वाचून दाखवली. आवाज चांगला होता त्याचा. हक्काने, राजीखुशीने, पंचांसमक्ष हातोहात, हे त्यानं थांबत थांबत वाचलं. मागं बाकावर पांडूआबा ताठ बसला होता. आपले शब्द कोर्टात वाचले जाताहेत एवढंच त्याला अजून कळत होतं.

साहेबांनी चंदरला पुढं बोलावलं. त्यांचा सूर कडक नव्हता.

"हे अक्षर तुमचं?"

"होय, साहेब."

"मजकूर कुणी सांगितला? प्रतिवादीनं?"

चंदरनं मागं पाहिलं नाही. हो म्हणायची जागा हीच होती. पण मोरूशेटनं सांगितला म्हटलं, तर विहारातली बैठक खोटी, आबाची वही खोटी, आईनं पुढं येऊन पाहिलं ते खोटं. एवढं सगळं त्यानं तेव्हा मनात मांडलं असेल असं नाही. पुढं कुणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा की तोंडातून निघालं नाही.

"आमीच ठरवून लिहिला," तो म्हणाला. "शेवटची वळ शेटनं सांगितली."

"वाचून सही केलीत?"

"वाचून केली, साहेब. दोनदा."

अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर पांडूआबानं वकिलाला विचारलं की सायेब काय म्हणाले. वकिलानं सोपं करून सांगितलं. आबा ऐकत राहिला, मग व्हरांड्याच्या पायरीवर बसला. "सगळं बराबर क्येलं व्हतं," तो म्हणाला. त्यानंतर वाडीतली कुठलीही वही त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली नाही.

जानकीबाईला चंदरनं घरी येऊन सांगितलं. तिनं विचारलं, "त्याला म्हाईत व्हतं?"

"त्याच्या वकिलाला म्हाईत व्हतं."

"म्हनून चा प्यायला," ती म्हणाली.

कुळाचा मुद्दा तहसिलीत गेला आणि तिथे साडेचार वर्षं राहिला. जुने उतारे निघाले. सत्तावन्न आणि अठ्ठावन्न या दोन सालांच्या पीकपाहणीत, कसणाऱ्याच्या रकान्यात, मोरूशेटच्या बापाचं नाव होतं. ते खरंच होतं. अडुसष्टपासून पुढं मोरूशेटचं होतं, कारण नांगर त्याचे होते. मधल्या नऊ वर्षांत सखाचं आणि चंदरचं. मोरूशेटच्या बाजूनं दोन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली की नाव कुणाचंही असो, मधेही कसत होता तो शेटचाच बाप. चंदरनं जबाबात सांगितलं की ते दोन पावसाळे जमीन द्यावी लागली, कारण गावानं औत बंद केलं होतं. जबाब लिहून घेतला गेला. पण औत का बंद होतं हा मुद्दा कुणी काढलेला नव्हता, त्यामुळे त्यावर निकालात काही आलं नाही. मोरूशेट कूळ ठरला. चंदरनं अपील केलं, त्यातही तेच राहिलं.

या काळात चंदरचा पगार वाढला, खाडेही वाढले. येसूबाई दुसऱ्यांच्या आवणीला जायची. एका वर्षी उंबरपट्टीच्या शेजारच्या खाचरात तिला काम मिळालं. तिनं दिवसभर तिकडे पाठ करून रोपं लावली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. एकदा थोरल्या पोरीच्या शाळेच्या वेळेला तिनं पेटीतल्या पन्नास रुपयांची आठवण काढली.

"ठेवून काय पूजा करायचीय त्यांची?"

"ते आपलं नायत."

"मंग कुनाचं हायत?"

चंदरनं पेटीचं झाकण लावलं. नोटा पेटीतच राहिल्या. जानकीबाई अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात गेली.

मूळ दावा ऐंशी साली निकाली निघाला. जमीन कुळाची ठरल्यावर कब्जा मागायला काही उरलंच नव्हतं. दावा खर्चासह नामंजूर. हुकुमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता होता. स्टँप, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, नोटिशींचा आकार. प्रतिवादीचा एकूण खर्च तीनशे शहाऐंशी रुपये चाळीस पैसे, तो वादीनं द्यावा. चंदरनं तक्ता दोनदा वाचला. बेरीज करून पाहिली, बरोबर होती. आपले स्वतःचे किती गेले हे त्यानं कधी मांडून पाहिलं नाही. वकिलानं शेवटच्या दोन वर्षांची फी मागितली नव्हती.

चंदर हप्त्यानं देईन म्हणाला असता, पण मोरूशेटनं दरखास्त लावली. म्हणजे पैसे वसूल करून द्या, असा कोर्टाला अर्ज. एके दिवशी बेलिफ वाडीत आला. तोही बिचारा चालत आला होता, पाणी मागून प्यायला. घरात त्याला जप्त करण्यासारखं काही दिसेना. भांडी कायद्यानं धरता येत नव्हती आणि पत्र्याच्या पेटीत वरवर पाहता कागदच होते. तो म्हणाला, "काका, भरून टाका. मला पुन्हा यायला लावू नका."

चंदरनं कारखान्यातल्या पतपेढीतून पैसे उचलले. मोरूशेटच्या घरी जाऊन त्याच्या हातात द्यावेत असं त्याच्या मनात होतं. तो गेलाही. मोरूशेट ओसरीवर होता. आता थकला होता, पण आवाज तोच.

"माज्याकडं कशाला आनलंस, चंदर? कोर्टात भर. हातातलं पैशे लोक मागनं नाय म्हनतात."

ओसरीवर बसलेले दोघे हसले. चंदर पायरीवरूनच परतला.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टात नाझरच्या खिडकीपाशी उभा राहिला. नाझर म्हणजे कोर्टाचे पैसे घेणारा कारकून. हा नवा होता, चंदरला ओळखत नव्हता. चंदरनं पतपेढीचे पैसे पुढं केले आणि त्यांत पेटीतल्या दहाच्या पाच नोटा घातल्या. घडीवर त्या पिवळट पडल्या होत्या. कारकुनानं एक उजेडात धरून पाहिली, मग पाचही घेतल्या. पैसे भरल्याचा छापील कागद भरून त्यानं सहीसाठी चंदरपुढं सरकवला.

चंदरनं तो एकदा मनात वाचला. मग ओठ हलवत पुन्हा वाचला.

"साहेब, यावर काही लिहायचं असलं तर?"

"काय लिहायचंय?"

"हुकूम मान्य नाही, तरी पैसे भरतो. एवढंच."

कारकुनानं वर पाहिलं. चेष्टा नाही हे बघून तो नीट बोलला. "तसा रकाना नाही यात, काका. नाव, दाव्याचा नंबर, रक्कम, सही. बस."

"पाठीमागं लिहिलं तर?"

"मागे आमचा शिक्का येतो."

चंदरच्या मागं तीन माणसं उभी होती. त्यानं कागद उलटून मागची बाजू पाहिली, कोरी होती. पुन्हा सरळ केला. नाव बरोबर होतं, बापाचं नावही. नंबर बरोबर होता. रक्कम अंकांत आणि अक्षरांत जुळत होती. चूक म्हणून दाखवता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

त्यानं सही केली आणि खाली तारीख घातली. बाराची खोपोली गाडी मिळाली तर दुसऱ्या पाळीला पोचता येणार होतं.